शिंगल पडला

आमच्या कुर्डुवाडीत रुळांचे दोन संसार होते. एकावर मुंबई-सोलापूरच्या गाड्या धावत, दुसऱ्यावर अडीच फूट रुंदीची बार्शी लाईट. मोठ्या गाडीला आजी ‘आगीनगाडी’ म्हणायची. धाकटीला मात्र नुसतं ‘लाईट’. घरातल्या पोरीला हाक मारावी तसं. ते नाव इंजिनाच्या दिव्यावरून पडलं, अशी तिची खात्री होती. खरं तर कंपनीच बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये ती सुरू केली: हलके रूळ, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, म्हणून ‘लाईट’. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांची झाली.

माझी जाऊ यवतमाळची. तिच्याकडची गाडीही तेवढ्याच रुंदीच्या रुळांवरची होती, पण तिचं नाव शकुंतला. ‘शकुंतलेनं मूर्तिजापूरला गेलो’ असं ती म्हणते, तेव्हा सोबत कुणी बाई होती असंच वाटतं. मला हे नाव आमच्या ‘लाईट’पेक्षा जास्त आवडतं, हे कबूल करायला हवं.

लग्नानंतर डोंबिवलीत आले, तर इथे गाडीला नाव नव्हतं, वेळ होती. ‘आठ अकरा गेली का?’ पहिले काही दिवस मी बावरून जायची.

कुर्डुवाडीत माझे वडील सांधेवाले होते. रूळ जिथे फुटतात तो सांधा. तो फिरवणारा सांधेवाला. हा शब्द कुठून उसना आणलेला नाही, शेतातल्या अवजारासारखा घरचा आहे, आणि म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो. गाडीची वेळ झाली की गावात कुणीतरी ओरडायचं, ‘शिंगल पडला!’ खांबावरचा आडवा लाल हात खरंच खाली पडायचा. हात खाली म्हणजे वाट मोकळी. पोरं धावत सुटायची, बाया गाठोडी उचलायच्या.

आता खांबावर दिवे आहेत. पडण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी परवा कुर्डुवाडीच्या फलाटावर एक म्हातारे गृहस्थ हिरव्या दिव्याकडे बघून शेजाऱ्याला म्हणाले, ‘चला, शिंगल पडला,’ आणि मी नकळत पिशवी उचलली.