फळीवरची वघई

सुरगाणा तालुक्यात रेल्वे स्टेशन नाही. पण सीमा ओलांडून डांगात उतरलं की वघई लागतं. बिलीमोऱ्याहून ६३ किलोमीटर धावून आलेली नॅरोगेज गाडी इथं थांबते. पुढे रूळच नाहीत. घरातल्या अरुंद फळीवर मॉडेल रेल्वे मांडायची, तर मला हेच स्टेशन हवंय.

मॉडेल रेल्वे म्हटलं की पुण्यातलं, कोथरूडचं जोशींचं संग्रहालय आठवतं. तेवढी जागा आपल्याकडे कुठून असणार? त्यावर अ‍ॅलन राइट या इंग्रज छांदिष्टानं तोडगा काढला: ‘इंगलनुक सायडिंग्ज’. दोन सांधे, तीन सायडिंग. एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. इंजिनाला मागेपुढे करायला जागा फक्त तीन वाघिणींपुरती. एकूण आठ वाघिणी. त्यातल्या पाच, चिठ्ठीत येतील त्याच क्रमानं जोडायच्या. असे क्रम होतात ६,७२०! गाडी कुठंही जात नाही, तरी खेळ संपत नाही.

वघईचे रूळ ७६२ मिलिमीटर रुंद आहेत. १:८७ प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतात, म्हणजे बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा ट्रॅक चालतो. आखूड वाघिणी घेतल्या तर चार फुटांची फळी पुरते.

आता खरा प्रश्न: वाघिणींत भरायचं काय? शंटिंगला माल लागतो, आणि वघईचा माल होता साग.

हा मार्ग १९१३ मध्ये बडोदा संस्थानानं सुरू केला. तेव्हा गादीवर सयाजीराव गायकवाड होते, आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले. पण डांगचं जंगल बडोद्याचं नव्हतं. तिथल्या भिल्ल राजांकडून इंग्रजांनी १८४२ मध्येच ते भाडेपट्ट्यानं घेतलं होतं. त्या राजांच्या वंशजांना आजही आहव्याच्या डांग दरबारात दरवर्षी मानधन दिलं जातं. सुरगाणा संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, डांग १९६० मध्ये गुजरातेत गेलं. राज्यांमधली रेघ नंतर आली. तिच्या कितीतरी आधी सागाचे ओंडके रुळांवरून समुद्राच्या दिशेनं निघाले होते.

२०२० मध्ये ही गाडी थांबली, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. आता ती माणसांची आहे. लोक खिडकीतून जंगल बघायला बसतात. वाघिणी उरल्या आहेत त्या फक्त फळीवर.

शंटिंगच्या खेळात प्रत्येक वाघिणीची एक चिठ्ठी असते: माल काय, कुठून, कुठे. तिच्यात मी एक रकाना वाढवणार आहे: ‘कुणाचा’. फळी अरुंद असली, तरी या प्रश्नाला तिच्यावर जागा करावीच लागेल.