उंदीर, दिव्याची वात आणि टूलचं वर्णन

गेल्या महिन्यात माझ्या एजंटनं एका विहिरीचा अख्खा उन्हाळा पुसून टाकला. हातकणंगले तालुक्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी मी पीएचडीसाठी गोळा करते. त्यातला मे महिन्यातला एक आकडा चुकला होता, तेवढा नीट कर म्हणून एजंटला सांगितलं. त्याच्याकडे मी लिहिलेलं ‘नोंद दुरुस्ती’ नावाचं टूल होतं आणि त्याचं वर्णन मी एका ओळीत उरकलं होतं: नोंद दुरुस्त करते. प्रत्यक्षात ते टूल त्या विहिरीची फाइलच नव्यानं लिहायचं. दिलेला आकडा राहायचा, बाकीचं जायचं. मला हे माहीत होतं, कोड माझाच ना. एजंटला कुठून कळणार?

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: भाषेच्या मॉडेलला बोलण्यापलीकडची कामं करता यावीत म्हणून जे प्रोग्रॅम जोडून देतात, त्यांना टूल म्हणतात. जून २०२३ मध्ये ओपनएआयनं ही सोय आपल्या मॉडेल्सना दिली, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं त्यासाठी एक खुला प्रोटोकॉल आणला. मॉडेलला सहसा टूलचा कोड दिसत नाही. दिसतं ते नाव, वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याची यादी. तेवढ्यावर त्यानं ठरवायचं.

चोपडीतून आकडे परत टाइप करण्यात दोन दिवस गेले. तेव्हा शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं पत्र पुन्हा वाचलं. राज्याभिषेकाच्या थोडं आधीचं, ऐन उन्हाळ्यातलं. लष्कर पावसाळ्यासाठी छावणीला आलेलं, दाणा-वैरण साठवलेली. महाराज तिथे नाहीत. वाचणाऱ्याला शंका आली तर लगेच विचारायची सोय नाही.

‘आगीची काळजी घ्या’ एवढं लिहून भागलं असतं. पण पत्रात आग कशी लागेल ते एकेक करून येतं. कुणी स्वयंपाकाला भलत्या जागी चूल मांडेल, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, वारा आहे की नाही ते बघणार नाही. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि ती गवतात पडेल. उंदरापर्यंत विचार गेलाय! त्यापुढचं तर माझ्या जखमेवर मीठ: एकदा जळाल्यावर कुणब्यांच्या माना मारल्या, कारकुनांना कितीही ताकीद दिली, तरी ऐन पावसाळ्याच्या तोंडावर लाकूड मिळणार नाही आणि पागा उभी राहणार नाही. म्हणजे हे काम उलटं फिरवता येत नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलंय.

वैरणीबद्दलही तसंच. आत्ता हवी तशी उधळलीत तर पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुमची माणसं गावात शिरून लोकांचा दाणा, भाकरी, गवत, भाजी उचलतील. मग रयतेला वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. एका हुकमामागची इतकी लांब साखळी आजच्या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत मला क्वचितच दिसते.

दुसरा कागद आपल्या कोल्हापूरकरांच्या जवळचा. कोल्हापूरच्या गादीवरच्या संभाजी महाराजांच्या काळात, १७१५ मध्ये, रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिलं. आरमाराला लाकूड लागतं, आणि आंबा-फणसाचं लाकूडही त्या कामाचं. तरी त्याला हात लावू नये, असं ते म्हणतात. का? ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, मग तोडावं. इथे मनाई, कारण आणि अपवाद एकाच ठिकाणी आहेत. कारण माहीत असलं की कागदावर नसलेल्या झाडाबद्दलही कारकून नीट वागू शकतो. नुसती ‘आंबा, फणस’ अशी यादी दिली असती तर चिंचेपाशी तो अडला असता, किंवा कुऱ्हाड घालून मोकळा झाला असता.

अर्थात ही तुलना ताणू नये. जुमलेदारानं आग पाहिलेली होती. घोडं म्हणजे काय ते त्याला पत्रातून शिकायचं नव्हतं. माझ्या एजंटला विहीर कळते ती शब्दांतूनच. शिवाय जुमलेदाराला धन्याचा धाक होता. एजंटला धाक घालायला मी वर्णनात ‘अत्यंत महत्त्वाचे’ असं तीनदा लिहून पाहिलं. त्यानं एवढंच झालं की तो साध्या कामालाही बिचकू लागला.

आता वर्णन असं आहे: ‘एका विहिरीची संपूर्ण फाइल नव्यानं लिहिते. आधीचे सर्व आकडे जातात, परत मिळत नाहीत. एखादाच आकडा बदलायचा असेल तर हे वापरू नये, “एक आकडा बदल” हे टूल वापरावं. विहीर क्रमांक माहीत नसेल तर अंदाज करू नये, विचारावं.’

“एक आकडा बदल” हे टूल मात्र तोवर अस्तित्वातच नव्हतं. वर्णन लिहिताना ते लक्षात आलं. मग रात्री बसून तेही लिहिलं, आणि फाइलची रोज एक प्रत वेगळी ठेवायला सुरुवात केली.