जोडीने डोंगर चढण्याची जुनी गोष्ट

नागपूरच्या धंतोलीतून आम्ही बोलत आहोत. शनिवार आला की इकडची काही जोडपी गाडीत तंबू टाकून निघतात. कोणी चिखलदऱ्याला, कोणी पचमढीला. दिवसभर डोंगर चढायचा, रात्री तंबूत राहायचे, रविवारी संध्याकाळी परत. तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "हे शहरातल्या लोकांचे चोचले, आपला काय संबंध?" संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. तोच आज सांगतो.

विदर्भातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या महादेवाला जात आल्या आहेत. महाशिवरात्रीला चौरागड, नागपंचमीच्या सुमारास नागद्वार. नवस फेडायला नवरा-बायको जोडीने जातात. एकाच्या खांद्यावर त्रिशूळ, एकीच्या डोक्यावर गाठोडे. चौरागडाला सुमारे १३०० पायऱ्या आहेत. मोटारी नव्हत्या तेव्हा लोक पायी आणि बैलगाडीने जात. वाटेत झाडाखाली मुक्काम, तीन दगडांची चूल, भाकर आणि चटणी. तंबू नव्हता एवढेच. बाकी सगळे तेच.

पुस्तकांत मात्र पचमढी 'शोधून काढल्याचे' श्रेय कॅप्टन जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याला दिलेले असते. तो १८६२ साली तिथे गेला आणि त्याने 'बायसन लॉज' नावाचे घर बांधले. मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे त्याचे पुस्तक १८७१ मध्ये छापून आले. पण गोंड आणि कोरकू माणसे तिथे आधीपासून राहत होती, महादेवाचे भक्तही येत होते. फोर्सिथने लिहून ठेवले, म्हणून त्याचे नाव राहिले. आपल्या आज्या-पणज्यांनी लिहिले नाही, म्हणून त्यांचे नाव कुठेच नाही.

१८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत तयार केला. त्याची राजधानी नागपूर, आणि उन्हाळ्यातली राजधानी पचमढी. ऊन तापले की साहेब लोक थंडाव्याला वर जात. पुढे १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, पचमढी मध्य प्रदेशात राहिली. महादेवाला जाणाऱ्या बायकांनी ती हद्द कधी मनावर घेतली नाही.

आता एका परदेशी जोडप्याची गोष्ट ऐका. फॅनी बुलक वर्कमन आणि तिचा नवरा विल्यम हंटर वर्कमन, दोघेही अमेरिकेचे. तो डॉक्टर. १९०० च्या आधी या दोघांनी सायकलीवरून आपला देश पालथा घातला. मग हिमालय आणि काराकोरमचा नाद लागला. १९०६ मध्ये फॅनी पिनॅकल पीक या जवळजवळ ७००० मीटर उंच शिखरावर पोचली. १९१२ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, तिने सियाचिनच्या हिमनदीवरच्या मोहिमेचे नेतृत्व केले. तिथे उंचावर तिचा एक फोटो काढलेला आहे. हातात वर्तमानपत्र, त्यावर मोठ्या अक्षरांत मागणी: बायकांना मताचा हक्क द्या.

या जोडप्याची एक पद्धत आम्हाला फार आवडली. ते कामे आलटून पालटून करत. एका मोहिमेत एकाने माणसे, सामान आणि वाट ठरवायची, दुसऱ्याने मोजमाप आणि फोटो पाहायचे. पुढच्या मोहिमेत अदलाबदल. मात्र त्यांच्याकडे पैसा होता, आणि ओझी वाहायला डोंगरातली गरीब माणसे होती. त्या हमालांची नावे आज कोण घेते? तेही आपण लक्षात ठेवू.

आपल्या देशाचे पाहा. २३ मे १९८४ रोजी उत्तराखंडच्या खेड्यातली बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचली. असे करणारी ती पहिली भारतीय स्त्री. १९९३ मध्ये तिच्या नेतृत्वाखाली भारत-नेपाळच्या महिलांची एव्हरेस्ट मोहीम झाली. त्या चमूत बिमला नेगी होत्या, ज्या पुढे नागपूरच्या बिमला देऊस्कर म्हणून ओळखल्या गेल्या. २०२२ मध्ये बचेंद्रीताईंनी पन्नाशी ओलांडलेल्या बायका जमवल्या. अरुणाचलपासून लडाखपर्यंत त्या सुमारे पाच महिने हिमालय तुडवत गेल्या. बिमलाताई त्यातही होत्या. "आता वय झाले" म्हणणाऱ्या मैत्रिणींनी हे जरूर ऐकावे.

मैत्रिणींनो, या सगळ्यातून आम्हाला एक गोष्ट दिसते. बाईला घराबाहेर पडायला नेहमी कारण लागले. नवस, जत्रा, लेकराचे आजारपण. पुरुष "जरा फिरून येतो" म्हणाला की निघाला. बाईला देवाची परवानगी दाखवावी लागली, तेव्हा कुठे डोंगर दिसला. आणि वर जाऊनही चूल तिनेच पेटवली. तंबूत राहायला गेलेल्या जोडप्यातही नवरा सूर्यास्त बघतो आणि बायको पोहे भिजवते, असे झाले तर जागा बदलली, काम तेच राहिले.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. लांब जायची गरज नाही. नागपूरकडच्या मैत्रिणींना रामटेकची टेकडी आहे, तुमच्या गावाजवळही एखादी असेलच. पेरणी-कापणीच्या मधल्या मोकळ्या दिवसांत कारभाऱ्यांना घेऊन एक दिवस चढून या. जाताना वर्कमन जोडप्याचा नियम लावा: या वेळी शिदोरी तुम्ही बांधली, तर पुढच्या वेळी त्यांनी. पाणी, टोपी, पायात घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट विसरू नका. अंधार पडायच्या आत खाली उतरा.

आणि एक काम गटाच्या पुढच्या बैठकीत करा. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला विचारा: महादेवाला कधी गेलात, कुठल्या वाटेने, सोबत कोण होते, गाठोड्यात काय होते? तिचे नाव घालून ते वहीत लिहा आणि खाली तारीख टाका. फोर्सिथचे पुस्तक दीडशे वर्षे टिकले. आजीची वहीही टिकायला हवी.