आभाळासाठी वेगळी काच

१८५०च्या दशकातले फोटो पाहिले की त्यांतलं आभाळ बहुतेक वेळा कोरं दिसतं. किल्ला, देऊळ, बंदरातली जहाजं सगळं रेखीव उमटलेलं, आणि वर नुसता पांढरा कागद. ढग आलेच नव्हते म्हणावं तर तेही खरं नाही. तेव्हा निगेटिव्ह म्हणून वापरायच्या त्या ओल्या कलोडियनच्या काचेला निळा आणि अतिनील प्रकाशच काय तो कळायचा. हिरव्या-तांबड्याच्या बाबतीत ती जवळजवळ आंधळी होती. झाडाझुडपांचा तपशील उमटेपर्यंत आभाळ प्रकाशाने पार भरून गेलेलं असायचं. एकाच फोटोतल्या दोन भागांना दोन वेगळ्या वागणुकी द्याव्या लागतात, हे छायाचित्रकारांना संगणकाच्या कितीतरी आधी या कोऱ्या आभाळाने शिकवलं.

ढगांसाठी वेगळी निगेटिव्ह घ्यावी, असं इप्पोलिट बायार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५२ मध्येच सुचवलं होतं. ते खरं करून दाखवलं गुस्ताव्ह ल ग्रेने. १८५७ मध्ये त्याने सेत बंदरापाशी टिपलेली 'मोठी लाट' दोन काचांवरून छापलेली आहे. एक काच समुद्राची, एक आभाळाची, आणि सांधा बरोबर क्षितिजरेषेवर. एक भाग छापताना दुसरा झाकायचा, मग काच बदलून उलट करायचं. त्याच्या वेगवेगळ्या समुद्रांवर तेच ढग पुन्हा पुन्हा भेटतात. काही जण याला फसवणूक म्हणतात, मला ते पटत नाही. डोळ्यांना एका नजरेत लाट आणि ढग दोन्ही दिसत होते. कमी पडत होती ती काच.

त्याच वर्षी ऑस्कर रेलँडरने तीसहून अधिक निगेटिव्ह एकत्र छापून 'जीवनाचे दोन मार्ग' हे अवाढव्य चित्र केलं. मँचेस्टरच्या प्रदर्शनात त्यातल्या नग्न आकृत्यांवरून बराच गदारोळ झाला, तरी व्हिक्टोरिया राणीने एक प्रत विकत घेतली. मला त्यातलं नाट्य भडक वाटतं. ल ग्रेची लाट मात्र अजून जिवंत आहे.

पुढे विजेचा एन्लार्जर आला आणि हे झाकाझाकीचं काम काचेवरून प्रकाशाच्या झोतात गेलं. ते मी कोल्हापुरात काकांच्या स्टुडिओत शिकले. लग्नाचा ग्रुप नेहमी मांडवाच्या कडेला उभा राहायचा, म्हणजे अर्धी माणसं उन्हात, अर्धी सावलीत. ब्रोमाइड कागदाला अख्ख्या फोटोसाठी बारा सेकंद दिले, तर नवऱ्या मुलाचा पांढरा सदरा सपाट राहायचा आणि सावलीतल्या आत्याबाईंचा चेहरा काळवंडायचा. मग काका बारीक तारेच्या टोकाला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती दोन-तीन सेकंद आत्याबाईंच्या चेहऱ्यावरून फिरवायचे, ते डॉजिंग. नंतर दोन्ही हातांची ओंजळ करून बोटांमधल्या फटीतून सदऱ्यावर आणखी चार सेकंद प्रकाश सोडायचे, ते बर्निंग. "हात थांबला की कडा उमटते," एवढंच ते सांगायचे. हात सतत हलता ठेवायचा, शिवाय कागदापासून थोडा वर, म्हणजे सावलीची कड मऊ पडते. संगणकावर झाकलेल्या भागाची कड मऊ करायला आकडा टाकावा लागतो, तो आकडा काकांच्या मनगटात होता.

याशिवाय निगेटिव्हवरच पेन्सिल चालायची. लांब टोक काढलेल्या शिशाने ते डोळ्यांखालची काळी वर्तुळं भरून काढत. निगेटिव्हवर शिसं चढलं, की तिथून प्रकाश कमी जातो आणि कागदावर तो भाग उजळतो. सुपारीएवढ्या चेहऱ्यावर हे काम करताना काका श्वास रोखून धरायचे.

या विद्येची सगळ्यात चांगली कहाणी अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सच्या 'मूनराइझ, हर्नांदेझ' या फोटोची आहे. १९४१ साली न्यू मेक्सिकोतून जाताना त्याला हर्नांदेझ गावावर उगवलेला चंद्र आणि मावळतीच्या उन्हात चमकणारे स्मशानातले क्रूस दिसले. घाईत लाइट मीटर सापडेना. चंद्राची दीप्ती त्याला पाठ होती, तेवढ्या हिशोबावर त्याने एक फिल्म उघडली. दुसरी घेईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. निगेटिव्हमध्ये गावाचा भाग फार पातळ आला, म्हणून १९४८ मध्ये त्याने फक्त खालचा भाग रसायनात बुडवून दाट केला, वरचा तसाच ठेवला. छापताना तो आभाळ जास्त वेळ जाळत असे. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये ढगांच्या फिकट रेषा स्पष्ट दिसतात. नंतरच्या प्रिंटमध्ये चंद्राभोवतीचं आभाळ जवळजवळ काळंभोर आहे. हजाराहून अधिक प्रिंट, निगेटिव्ह एकच. यातलं खरं कुठलं, असं मला विचारलं तर मी नंतरचं काळं आभाळ निवडीन.

'मास्क' हा शब्द मी ऑफसेट छापखान्यात ऐकला. तिथे लाल मास्किंग फिल्म पातीने कापून हवा तेवढा भाग उघडा ठेवत. प्लेटच्या दृष्टीने लाल म्हणजे काळंच, त्यातून काही जात नाही. फोटोशॉपमध्ये क्विक मास्क लावला की झाकलेला भाग लाल दिसतो, तो याच फिल्मचा वारसा. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी ते सॉफ्टवेअर लिहिलं. त्यांच्या वडिलांची घराच्या तळघरात डार्करूम होती, आणि डॉज-बर्नच्या चित्रखुणांमध्ये अजूनही काडीवरची चकती आणि बोटं वळवलेला हात आहे. पहिली आवृत्ती १९९० ची. लेयर आले १९९४ मध्ये, ॲडजस्टमेंट लेयर १९९६ मध्ये, आणि माझ्या मते खरी क्रांती ती. कारण डार्करूममध्ये चूक झाली की कागद वाया; इथे खालचा फोटो जसाच्या तसा राहतो, वरची प्रत्येक दुरुस्ती वेगळी उचलता येते, महिन्याने परत बदलता येते.

तरी प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवण्याची गरज डार्करूममध्येही होती. मॅग्नम या छायाचित्रसंस्थेच्या न्यूयॉर्कमधल्या डार्करूममध्ये प्रिंट काढणाऱ्या पाब्लो इनिरिओने टाइम्स स्क्वेअरमधल्या अभिनेता जेम्स डीनच्या प्रिंटवर रेघा मारून प्रत्येक भागाचे सेकंद लिहिलेले आहेत. काकांच्या निगेटिव्हच्या पाकिटांवरही पेन्सिलीने चौकोन काढलेला असायचा, आत 'सदरा +४', 'आत्या −३'. पुन्हा कॉपी मागायला कोणी आलं, की पाकीट उघडायच्या आधी ते तो चौकोन वाचायचे.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी लेयरला नाव द्यायला लावते: आभाळ, सदरा, आजीचा चेहरा, का केलं ते दोन शब्दांत. आता सॉफ्टवेअर आभाळ एका क्लिकमध्ये निवडून देतं, ते वापरायलाही मी शिकवते. फक्त 'लेयर १ कॉपी ३' असं नाव असलेली फाइल मी तपासत नाही, परत पाठवते.