भूमध्य समुद्र, व्हाया लॉस एंजेलिस

आई-बाबा येणार म्हटलं की आमच्या घरी पहिला प्रश्न पडतो, "या वेळी काय दाखवायचं?" नायगारा, डिस्नेलँड, ग्रँड कॅन्यन हे सगळं मागच्या दोन खेपांत उरकलंय. यंदा आईने फोनवरच जाहीर करून टाकलं, "आता ते मोठं मोठं काही नको. समुद्रकाठचं एखादं छान गाव बघू, जिथे संध्याकाळी माणसं रस्त्यावर हिंडताना दिसतात. तुमच्याकडे सातनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं." तिच्या मनात बार्सिलोना होतं, कारण शेजारचे काका-काकू टूरबरोबर तिथे जाऊन आले आहेत. पण युरोपचा व्हिसा त्यांना भारतातूनच काढावा लागणार आणि त्याच्या तारखा इकडच्या तारखांशी काही केल्या जुळेनात. मग मी म्हटलं, भूमध्य समुद्राकडे जाता येत नसेल तर अमेरिकेने त्याची एक नक्कल करून ठेवली आहे, ती दाखवतो. सांता बार्बरा!

लॉस एंजेलिसहून साधारण दीडशे किलोमीटर. मोटारीने जाता येतंच, पण अॅमट्रॅकची पॅसिफिक सर्फलायनर गाडी थेट गावात सोडते, आणि वाटेत बराच वेळ समुद्र खिडकीला चिकटून असतो. इथे डोंगराची रांग पूर्व-पश्चिम धावते, त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर असूनही या गावाचा समुद्र दक्षिणेला आहे. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात (म्हणजे आपल्या अगदी उलट). पांढऱ्या भिंती, कमानी, लाल कौलं. कौलंही आपली सपाट मंगलोरी नव्हेत, कोकणातल्या जुन्या घरांवर असायची तशी नळीची. गाव स्वतःला 'अमेरिकन रिव्हिएरा' म्हणवून घेतं.

बाबांना फोटो पाठवले. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला माणूस. त्यांचा उलट प्रश्न आला, "हे सगळं स्पॅनिश लोकांनी बांधलं का?"

मी "हो" म्हणून मोकळा झालो. नंतर हॉटेलं शोधता शोधता वाचत गेलो तेव्हा कळलं, की आपण बाबांना चक्क थाप मारली.

स्पेनचं राज्य इथे जेमतेम ४० वर्षं होतं. १७८२ मध्ये लष्करी ठाणं बसलं, १७८६ मध्ये मिशन म्हणजे धर्मप्रसारकांचा मठ आला. १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला आणि हा मुलूख त्याच्याकडे गेला. १८४८ मध्ये तो अमेरिकेने घेतला. त्यानंतर जे गाव वाढलं ते चारचौघा अमेरिकन गावांसारखं, लाकडी फळ्यांची घरं आणि विटांची दुकानं असलेलं. हवा चांगली, म्हणून छातीच्या विकारांचे श्रीमंत रोगी पूर्वेकडून इथे येऊन राहायचे. चार्ल्स नॉर्डहॉफ नावाच्या पत्रकाराने १८७२ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या हवापाण्याचं गुणगान करणारं पुस्तक लिहिलं, त्यानेही गर्दी वाढवली. थोडक्यात, हे आपलं पाचगणी! मुख्य रस्ता स्टेट स्ट्रीट, तो मात्र कुठल्याही गावात खपून गेला असता.

२९ जून १९२५, सोमवार. सकाळी पावणेसातच्या आत-बाहेर भूकंप झाला आणि स्टेट स्ट्रीटचा मोठा भाग कोसळला. आर्लिंग्टन हॉटेलच्या मनोऱ्यात पाण्याची टाकी होती, तो मनोरा खाली येऊन दोन पाहुणे ठार झाले. दुकानं उघडायची होती म्हणून एकूण बळी डझनाच्या आसपासच राहिले. दुपारची वेळ असती तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. भूकंप होताच गॅस आणि वीज बंद करण्याचं भान रात्रपाळीच्या माणसांनी ठेवलं, म्हणून आग लागली नाही. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को भूकंपापेक्षा आगीने जास्त खाल्लं होतं, हे लक्षात घेतलं की या रात्रपाळीवाल्यांचं मोल कळतं.

आता गोष्टीतला माझा आवडता माणूस. बर्नहार्ड हॉफमन. हा पूर्वेकडचा, मॅसॅच्युसेट्सचा, आणि पेशाने इंजिनियर (म्हणून आवडता, लपवत नाही). मुलीला मधुमेह होता आणि इथल्या कॉटेज हॉस्पिटलमध्ये डॉ. सॅन्सम त्यावर काम करत होते, म्हणून सगळं कुटुंब घेऊन तो इथे आला. आला तो गावाच्या प्रेमातच पडला. १८२० च्या दशकातलं कच्च्या विटांचं एक जुनं घर, कासा दे ला गेरा, त्याने वाचवलं आणि त्याच्याभोवती 'एल पासेओ' नावाची, स्पेनमधल्या गल्लीसारखी दिसणारी बाजारपेठ उभी केली. म्हणजे भूकंपाच्या आधीच नमुना तयार होता. त्याच्या जोडीला पर्ल चेस. ही बाई १९०९ मध्ये बर्कलीहून पदवी घेऊन गाडीतून उतरली आणि स्टेशनबाहेरची धूळ आणि कळकट इमारती बघून तिला लाज वाटली, असं ती पुढे सांगायची. १९७९ मध्ये वारली तोवर गावाच्या मागे लागलेली होती!

भूकंपाने या मंडळींच्या हातात कोरी पाटी दिली. त्याच वर्षी नगरपालिकेने एक मंडळ नेमलं. कुठलंही बांधकाम करायचं तर त्याचा दर्शनी भाग कसा दिसेल ते आधी मंडळाला दाखवायचं. अमेरिकेत असं मंडळ त्याआधी नव्हतं. ज्यांना आर्किटेक्ट परवडत नव्हता त्यांना नकाशे काढून द्यायला गावाने एक ड्राफ्टिंग रूमही काढली. मला ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. नियम कोणीही करतो, पण नियम पाळायला पेन्सिल कोण हातात देतो?

अर्थात, माझ्या दुकानाला कमान हवी की नको हे तुम्ही कोण सांगणार, म्हणून लोक चिडले. १९२६ मध्ये मंडळ बरखास्त झालं, ते पुन्हा यायला १९४७ उजाडलं. पण त्या थोड्या महिन्यांत स्टेट स्ट्रीटचा चेहरा ठरून गेला होता. १९२९ मध्ये नवीन कोर्ट उभं राहिलं. ते बघून आईला आपल्याला कोर्टात आणलंय हे पटणार नाही. गच्चीवर जायला पैसे पडत नाहीत, आणि वरून सगळी लाल कौलं एका नजरेत दिसतात. १९६० मध्ये जुन्या भागासाठी कायदाच झाला.

हे सगळं फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "किल्लारीला का नाही जमलं मग?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. १९९३ नंतर तिथे गावंच्या गावं नव्या जागी वसली. पक्की घरं मिळाली, पण ओळीने, चौकटीत, शहरातल्या कॉलनीसारखी, आणि वाड्यांत राहिलेल्या माणसांची कुरकुर तेव्हापासून ऐकू येते. पण तुलना करताना थांबावंसं वाटतं. किल्लारीत हजारो माणसं गेली होती, आणि ती झोपेत गेली. कमानी कशा हव्यात याची चर्चा करायला माणूस आधी जिवंत आणि खाऊनपिऊन सुखी असावा लागतो. सांता बार्बरात पैसेवाले होते, रिकामा वेळ असलेले होते, आणि त्यांना एक स्वप्न पडलं होतं.

स्वप्न कोणाचं, हा प्रश्न मात्र राहतोच. ठाण्यावरचे बहुतेक 'स्पॅनिश' शिपाई मेक्सिकोतून आलेले, मिश्र रक्ताचे होते. मिशनचं धरण, पाण्याचा पाट आणि १८२० मध्ये पुरं झालेलं आजचं चर्च, सगळं बांधलं चुमाश लोकांनी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांनी. चर्चचा दर्शनी भाग तर व्हिट्रुव्हिअस या प्राचीन रोमन लेखकाच्या वास्तुशास्त्राच्या पुस्तकातलं चित्र बघून काढला आहे! म्हणजे भूमध्य समुद्र इथे पहिल्यांदा आला तो पुस्तकातून, आणि उतरवला तो चुमाश हातांनी. १८२४ मध्ये या भागातल्या तीन मिशनांत चुमाशांनी बंड केलं. मिशनच्या स्मशानभूमीत सुमारे ४,००० चुमाश पुरलेले आहेत असं सांगतात. ऑगस्टच्या सुरुवातीला इथे 'फिएस्टा' असतो, १९२४ पासून. नाच, घोडे, झगे, सगळा जुन्या स्पॅनिश दिवसांचा थाट. त्या थाटात हे ४,००० कुठे बसतात ते मला अजून समजलेलं नाही.

बरं, आता बेत. फिएस्टाच्या आठवड्यात हॉटेलं मिळत नाहीत आणि मिळाली तर ऐकवत नाही अशा भावाची, म्हणून तो टाळला. मे-जूनमध्ये सकाळी समुद्रावर धुकं बसतं ते दुपारपर्यंत हलत नाही, म्हणून तेही टाळलं. सप्टेंबर ठरला. पाणी तेव्हाही गारच असतं, पाय बुडवण्यापुरतं ठीक. तीन रात्री, स्टेट स्ट्रीटपासून चालत जाता येईल असं हॉटेल, कारण आईला संध्याकाळी हिंडणारी माणसं बघायची आहेत. रस्ता उतरत थेट स्टर्न्स व्हार्फवर जातो. १८७२ चा हा लाकडी धक्का. त्यावर तिची एक संध्याकाळ नक्की जाईल.

बाबांची यादी वेगळीच आली. त्यात सगळ्यात वर शेफिल्ड धरण! मी हे नाव त्यांना सांगितलंच नव्हतं. १९१७ चं, २५ फूट उंचीचं मातीचं धरण, ते १९२५ च्या भूकंपात फुटलं. पायातली गाळवट वाळू हादऱ्याने पातळ झाल्यासारखी झाली आणि धरणाचा मधला भाग अख्खाच्या अख्खा सरकला. १९६९ मध्ये बर्कलीच्या बोल्टन सीड यांनी सहकाऱ्यांबरोबर त्याचं गणित मांडलं आणि धरणवाल्यांच्या जगात ते गाजलं. पानशेत फुटलं तेव्हा बाबा शाळेत होते, नदीकाठचं घर गेलं होतं. कोयनेचा भूकंप १९६७ चा, तेव्हा ते इंजिनियरिंगला. त्यांनी शेफिल्डचं नाव तेव्हापासून डोक्यात ठेवलं होतं, फक्त ते सांता बार्बरात आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"तिथे आता काय बघायला मिळणार?" मी विचारलं.

"जागा बघू," ते म्हणाले. "आणि तुझ्या आईला सांगू नको, तिला वाटतंय आपण बार्सिलोनाला चाललोय."