इस्ट्रोजेन ग्राहींचे रूपभेद आणि वृद्धावस्थेतील मेंदू

इस्ट्रोजेन या हॉर्मोनाशी बद्ध होऊन त्याचा संदेश पेशीतील जनुकांपर्यंत पोहोचविणाऱ्या प्रथिनांना इस्ट्रोजेन ग्राही म्हणतात. वाढत्या वयात मेंदूवर होणारा इस्ट्रोजेनचा परिणाम रक्तातील त्याच्या प्रमाणाबरोबरच या ग्राहींच्या रूपावरही अवलंबून असतो.

प्रकार : पहिला ग्राही अमेरिकन शास्त्रज्ञ एल्वुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात शोधला. १९९६ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधील यान-आके गुस्ताफसन यांच्या गटाने दुसरा ग्राही शोधल्यावर त्यांना अनुक्रमे अल्फा व बीटा अशी नावे मिळाली. मानवात अल्फाचे जनुक ६ व्या, तर बीटाचे १४ व्या गुणसूत्रावर असते. अल्फा हायपोथॅलॅमसमध्ये ठळकपणे आढळतो. बीटा स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस व प्रमस्तिष्क बाह्यक यांतही असतो. इस्ट्रोजेनमुळे उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींवरचे सूक्ष्म काटे वाढतात, असे न्यूयॉर्कमधील ब्रूस मॅक्युएन यांच्या प्रयोगशाळेने १९९० मध्ये दाखविले. याच काट्यांवर चेतापेशींचे परस्परसंबंध जुळतात.

रूपभेद : हे दोन प्रकारचे असतात. पहिले आनुवंशिक. अल्फाच्या जनुकातील ‘पीव्हीयू-२’ व ‘एक्सबीए-१’ या स्थानांवरील एकेका अक्षराचे बदल सर्वाधिक अभ्यासले गेले आहेत. ते पहिल्या इंट्रॉनमध्ये (प्रथिनात न उतरणाऱ्या जनुकाच्या भागात) असल्याने प्रथिनाची अमिनो अम्लांची साखळी बदलत नाही. काही लोकसमूहांत त्यांचा अल्झायमर रोगाशी संबंध दिसला, काहींत दिसला नाही.

दुसरे जोडणीतील. जनुकाची प्रत तयार होताना एखादा एक्सॉन (प्रथिनाची माहिती असलेला भाग) वगळला गेला, तर ग्राही अपुरा बनतो. ग्राही जोडीने काम करत असल्यामुळे असा अपुरा घटक पूर्ण ग्राहीशी जुळून त्याचेही काम रोखू शकतो. डिक स्वाब व तात्याना इशुनिना या संशोधकांना ॲम्स्टरडॅममध्ये मृत्यूपश्चात तपासलेल्या मेंदूंच्या हिप्पोकॅम्पस व हायपोथॅलॅमसमध्ये अल्फाची अशी रूपे आढळली. हॉर्मोन उपलब्ध असूनही पेशीचा प्रतिसाद क्षीण का होऊ शकतो, याचा एक खुलासा यातून मिळतो.

वैद्यकीय महत्त्व : २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील हॉर्मोन उपचारांच्या मोठ्या चाचणीत ६५ व त्याहून अधिक वर्षांच्या सुमारे ४,५०० स्त्रियांचा समावेश होता. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या गटात स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास दुप्पट आढळला. त्यामुळे रजोनिवृत्तीनंतर घटलेले हॉर्मोन बाहेरून भरून काढले की स्मृती टिकेल, ही आशा फोल ठरली. उपचार रजोनिवृत्तीनंतर किती वर्षांनी सुरू होतो, यालाही महत्त्व असावे, असा विचार त्यानंतर बळावला. स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी हॉर्मोन उपचार देऊ नयेत, असाच आज वैद्यकाचा सल्ला आहे. केवळ ग्राहीच्या आनुवंशिक चाचणीवरून एखाद्या व्यक्तीला स्मृतिभ्रंश होईल की नाही, हेही सांगता येत नाही. अशा चाचणीच्या आधारे कोणाही स्त्रीला भीती घालणे वा औषध सुचविणे अयोग्य आहे.