केमो चालू असताना डोळ्यांतून पाणी येतंय? किरकोळ वाटले तरी डॉक्टरांना लवकर सांगा

पेडणे / डिचोली : केमोथेरपीचे दुष्परिणाम म्हटले की केस गळणे, उलट्या, तोंड येणे, अशक्तपणा एवढे सगळ्यांना ठाऊक असते. डोळ्यांतून सतत पाणी वाहण्याचा त्रास मात्र बहुतेक घरांत औषधाशी जोडलाच जात नाही. पेडण्यात समुद्राचा वारा लागला म्हणतात, डिचोलीच्या खाणपट्ट्यात धूळ गेली म्हणतात. नाहीतर माणूस मनातून खचलाय, म्हणून डोळे भरून येतात, असा घरच्यांचा समज होतो. रुग्णही ‘एवढ्याशासाठी डॉक्टरला काय सांगायचं’ म्हणून गप्प बसतो. काही औषधांच्या बाबतीत हे गप्प बसणे महागात पडते. डोळ्यातले पाणी नाकाकडे नेणारी बारीक नळी हळूहळू आवळत जाऊन कायमची बंद होऊ शकते.

पाणी अडते कुठे?

डोळ्यात अश्रू दिवसभर तयार होतच असतात. नाकाकडच्या कोपऱ्यात वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे एकेक छिद्र असते. तिथून जेमतेम एक सेंटिमीटर लांबीच्या नळ्या अश्रुपिशवीपर्यंत जातात आणि पुढे पाणी नाकात उतरते. रडताना नाक वाहते ते यामुळेच. या नळीची रुंदी एक मिलिमीटरही नसते, त्यामुळे आतून थोडी सूज आली तरी वाट अडते आणि पाणी गालावर येते.

यात सर्वात जास्त नाव घेतले जाते ते डोसिटॅक्सेल या औषधाचे. स्तनाच्या, फुप्फुसाच्या, प्रोस्टेटच्या कर्करोगात ते सलाईनमधून देतात. अमेरिकेत ह्युस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातील डॉ. बिटा एस्माएली आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या औषधामुळे अश्रुनलिका अरुंद होत असल्याची नोंद प्रसिद्ध केली. पुढे हे औषध अश्रूंमध्येही उतरत असल्याचे दिसून आले. म्हणजे औषध अश्रूंबरोबर त्या नळीतून जाते आणि तिच्या आतल्या अस्तराला दाह होतो. दर आठवड्याला डोस घेणाऱ्यांत हा धोका तीन आठवड्यांनी घेणाऱ्यांपेक्षा बराच जास्त असतो.

दुसरा गट फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल आणि त्याच कुळातल्या कॅपेसिटाबिन, एस-वन या गोळ्यांचा. आतड्याच्या, पोटाच्या आणि काही वेळा स्तनाच्या कर्करोगात त्या देतात. कॅपेसिटाबिन साधारणपणे चौदा दिवस घरीच घ्यायची आणि सात दिवस विश्रांती, असा क्रम असतो. खरी अडचण इथेच आहे. सलाईनसाठी वॉर्डात आलेल्या माणसाचे डोळे निदान नर्सला दिसतात. कोरगाव किंवा मये इथे घरी बसून गोळ्या घेणाऱ्याचे कोण पाहणार?

प्रत्येक वेळी नळीच कारण असते असे नाही. केमोत डोळा कोरडा पडतो आणि कोरड्या डोळ्याला चुरचुर सुटून उलट जास्त पाणी येते. ऐकायला विचित्र वाटते, पण खरे आहे. पापण्यांचे केस गळाले की धूळ थेट आत जाते. सेटुक्सिमॅबसारख्या औषधात उलटेच घडते. पापण्यांचे केस लांब, वेडेवाकडे वाढून बुबुळाला घासतात. रक्ताच्या कर्करोगात सायटाराबिन मोठ्या डोसमध्ये देताना डोळ्यांचा दाह होऊ नये म्हणून डॉक्टर आधीपासूनच स्टिरॉइडचे थेंब सुरू करतात. प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे, म्हणून शेजारणीला लागू पडलेले ड्रॉप आपल्यालाही लागू पडतील हा हिशेब इथे चालत नाही.

लवकर म्हणजे किती लवकर?

पाणी सुरू झाल्यावर पुढच्या सायकलच्या आधी ते कर्करोग डॉक्टरांच्या कानावर घालावे. डोसिटॅक्सेल दर आठवड्याला चालू असेल तर नेत्रतज्ज्ञाची तपासणीही लगेच करून घ्यावी. नेत्रतज्ज्ञ नळीत पाणी सोडून ती उघडी आहे का ते पाहतात. नळी आवळू लागली असेल तर सिलिकॉनची बारीक ट्यूब आत बसवता येते. ती केमो पुरी होऊन पुढे काही आठवड्यांपर्यंत ठेवली की वाट उघडी राहते. नळी पूर्ण बंद झाल्यावर मात्र ही सोपी वाट उरत नाही. मग शस्त्रक्रिया करून डोळ्यापासून नाकापर्यंत काचेची छोटी नळी बसवावी लागते आणि ती पुढे सांभाळावीही लागते. सौम्य त्रास असेल तर केमो संपल्यावर काही आठवड्यांत, महिन्यांत तो बऱ्याचदा आपोआप ओसरतो. आपल्याला यातले काय होणार, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

डोळ्यांपायी केमो मात्र स्वतःहून थांबवू नये. डोस कमी करायचा, अंतर वाढवायचे की औषध बदलायचे, हे कर्करोग डॉक्टरच ठरवतील.

घरी करण्यासारखे बरेच आहे. डोळे चोळू नयेत, स्वच्छ मऊ सुती कापडाने हलके टिपावेत. सतत पुसून गालाची कातडी सोलवटली तर तिथे व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा, डोळ्यात जाऊ न देता. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब डॉक्टरांना विचारून वापरावेत आणि दोन वेगळी औषधे घालायची असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. केमोची गोळी हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय बोट डोळ्याजवळ नेऊ नये. काजळ, कॉन्टॅक्ट लेन्स सध्या बाजूला ठेवावी. स्कूटरवर बाहेर पडताना साधा गॉगलही पुष्कळ काम करतो.

मध, गुलाबपाणी, एरंडेल, तूप, अंगावरचे दूध यातले काहीही डोळ्यात घालू नये. केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, तेव्हा साधा जंतुसंसर्गही अंगाशी येतो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टिरॉइडचे थेंब तर त्याहून वाईट. आठ दिवस बरे वाटते, पण पुढे डोळ्याचा दाब वाढण्याचा आणि मोतीबिंदूचा धोका राहतो.

डोळा दुखू लागला, उजेड सोसेना, उघडझाप करूनही दिसणे धूसरच राहिले, पू आला किंवा नाकाजवळच्या कोपऱ्यात लाल, दुखरी सूज आली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर गेला तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

कागद सोबत हवेत

पेडण्याहून बांबोळीला जायचे तर म्हापसा, पर्वरी, मांडवीचा पूल असा प्रवास. अंगात त्राण नसताना तो नको वाटतो, म्हणून बरेच जण आधी गावाजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातात. त्यात चूक काही नाही. फक्त केमो चालू आहे हे तिथे सांगितले पाहिजे. सीमेपलीकडे हा घोळ अधिक होतो. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याचे रुग्ण केमोसाठी गोमेकॉत येतात, डोळे गावाकडे दाखवतात, आणि दोन डॉक्टरांची गाठ फक्त रुग्णाच्या पिशवीतल्या फायलीतून पडते.

त्या फायलीत औषधाचे पूर्ण नाव असावे. कार्डावर कधी नुसते इंग्रजी ‘टी’ अक्षर लिहिलेले असते. ते डोसिटॅक्सेल असू शकते किंवा पॅक्लिटॅक्सेल, आणि नळी बंद होण्याचा धोका मुख्यतः पहिल्यात आहे. शेवटचा डोस कधी झाला, आठवड्याने की तीन आठवड्यांनी, आणि पाणी कोणत्या सायकलनंतर सुरू झाले, एवढे एका कागदावर लिहून नेले तर डोळ्यांच्या डॉक्टरांचे अर्धे काम होते. खर्चाचे मात्र आधीच विचारून घ्यावे. गोव्याच्या रहिवाशांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, महाराष्ट्रातल्यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. गोव्याबाहेरच्या रुग्णांना गोमेकॉत २०१८ पासून शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्गात आंदोलनही झाले होते. सिलिकॉन ट्यूबचा खर्च आपल्या कार्डात बसतो का, हे तारीख घेतानाच काउंटरवर विचारावे.